म्हातारपणाचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे आणि मी रागावले आहे. उद्या मला यंत्रात चेपून माझा चौकोनी गठ्ठा करणार आहेत. का, तर म्हणे पर्यावरणासाठी.

मला घडवताना खाणी खणल्या गेल्या, भट्ट्या पेटल्या, पाण्याचे हौदच्या हौद रिकामे झाले. तो सगळा धूर मी रस्त्यावर येण्याआधीच हवेत गेला होता. म्हणून मी भरपूर वर्षे टिकणे हाच त्यावर उपाय होता. माझ्या मालकांचा धंदा चष्मे विकण्याचा. घरापासून दुकान दोन चौकांवर. तेवढीच माझी रोजची धाव. वाटेतच लेकीची शाळा, आजीचा दवाखाना. कधी रस्त्यात बंद पडले नाही. लोक म्हणत, गाडी असावी तर अशी.

यंदा मी काळा धूर सोडू लागले. मालकांनी नाक दाबले. "म्हातारी झाली. विजेवरची नवी घेऊ, हवा तरी स्वच्छ राहील."

धूर का येतो ते बघायला बोलावलेल्या मिस्त्रीने बॉनेट उघडून एअर फिल्टर झटकला. मूठभर धूळ त्याच्या चपलांवर पडली.

"हा कधी बदललात, काका?"

"तो बदलायचा असतो?"

"लोकांचे नंबर काढता, आणि हे दिसलं नाही होय? गाडीला श्वास घेता येईना, म्हणून धूर. इंजिन ठणठणीत आहे."

लेक म्हणाली, "बाबा, गिऱ्हाइकांना तुम्हीच सांगता ना, फ्रेम चांगली आहे, नुसत्या काचा बदला?"

"चष्म्याची गोष्ट वेगळी. आणि नवी बुक केलीये मी. सगळ्या गल्लीला सांगून बसलोय."

ऐकलेत? नवा फिल्टर बसला, धूर थांबला, आणि भंगाराच्या आवारात मी माझ्याच चाकांवर चालत आले.

खोटे बोलणार नाही. मी दिवसभर शहर पालथे घालणारी टॅक्सी असते, तर मीच म्हटले असते, मला काढा. नव्या गाडीने रोजचे इंधन वाचवून आपल्या घडणीचा धूर लवकर भरून काढला असता. पण दोन चौकांसाठी पुन्हा खाण, पुन्हा भट्टी? तेवढे तर पायीही जाता येते.

मित्रांनो, घरात नव्या गाडीची बोलणी निघाली, की मोठ्यांसमोर उभे राहा. जुनीचे नेमके काय बिघडले आहे? ती रोज धावते किती? उत्तर मिळेपर्यंत हलू नका. माझ्या घरीही हे विचारले गेले, पण नवी गाडी ठरून गेल्यावर.