शांतवनची मूठ

"दुखतंय गं, सोड!"

शांतवननं हात ओढून घ्यायला पाहिलं, पण बायकोनं, रत्नाबाईनं, मनगट घट्ट धरलं होतं. एरंडेल चोपडलेली त्याची बोटं ती एकेक करून मागं रेटत होती.

"दुखू द्या. मिरजंचं डाक्तर काय म्हनलं, इसरला? रोज ताना, न्हाईतर मूठ अशीच ऱ्हाईल."

"तुज्या हातावर पाक सांडला असता म्हंजी कळलं असतं."

शांतवन गुळव्या होता, रस आटवून गूळ करणारा. त्र्याहत्तर सालच्या हंगामात नानासोंच्या गुऱ्हाळावर काहील गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतताना दांडा निसटला आणि उकळता पाक त्याच्या उजव्या हातावर आला. मिरजेला मांडीचं कातडं काढून तळव्यावर बसवलं. जखम भरली, मूठ मात्र आवळली ती आवळलीच. नानासो भला माणूस, पण ऊस कुणासाठी थांबतो? चुलवाणापाशी आता त्याच्या जागी आकाराम उभा राहत होता.

पण शांतवनच्या जिवाला लागलं होतं ते दुसरंच. महिन्यातून एकदा सांगलीहून पाळकसाहेब सायकलवरून येत आणि मिशनच्या शाळेत प्रभुभोजन होई. लोक टेबलापुढं गुडघे टेकून डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवत आणि पाळक त्यावर भाकरीचा तुकडा ठेवत. शांतवन मागच्या भिंतीला टेकून बसे. "डाव्या हातावर घ्या," असं पाळक एकदा म्हणालेही होते. पण डाव्या हातानं तो सुपारीसुद्धा कधी घेत नसे.

"हात बरा हुंदे, मग जाईन," तो म्हणाला. "देवापुढं ही असली मूठ घिऊन जायाची व्हय?"

"मग देवानं ठिवायचं कुटं? तुमच्या भिताडावर?"

"लय शानी हायस," म्हणत शांतवन हसला, पण त्याची नजर खाली गेली.

त्या रविवारी पाळकांनी बायबलातली, प्रभूनं बऱ्या केलेल्या वाळल्या हाताच्या माणसाची गोष्ट घेतली. शांतवनला ती लहानपणापासून पाठ. त्याचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर होतं. पाळक मध्येच थांबले.

"एक ध्यानात घ्या. हात बरा झाला म्हणून त्यानं पुढं केला नाही. प्रभू म्हणाला, पुढं कर, म्हणून केला. वाळलेलाच केला."

शांतवननं खिडकीवरची नजर काढून पाळकांकडं वळवली. आजवर त्याच्या डोळ्यांपुढं चित्र होतं ते उलटं: आधी हात बरा होतो, मग तो माणूस आनंदानं हात उंच करतो. शब्द ऐकल्यानंतरचा, हात बरा होण्याआधीचा क्षण त्यानं कधी पाहिलाच नव्हता. हात लाकडासारखा, सगळा गाव टक लावून बघतोय, आणि जवळ आहे तो फक्त एक शब्द. एवढ्यावर तो माणूस हलला?

माणसं पुढं जाऊ लागली तसा शांतवन उठला. बायकांच्या बाजूला रत्नाबाईनं पदर तोंडाशी नेला.

त्यानं गुडघे टेकले. डावा हात खाली, उजवा वर. वर नुसती मूठ. पाळक येऊन उभे राहिले.

रोज बोटं रेटायला रत्नाबाई असे. आता कुणी नव्हतं. त्यानं जोर लावला. कळ खांद्यापर्यंत गेली. अंगठा बाजूला सरकला. करंगळी हलली, मागोमाग तिच्याशेजारचं बोट. उरलेली दोन वाकडीच राहिली. पण मधे खळगी झाली, चिमणीला पाणी ठेवावं एवढी. पाळकांनी वाकून, दोन बोटांच्या टोकांनी तुकडा तिच्यात ठेवला.

भाजल्यापासून त्या तळव्याला काही लागत नव्हतं. ऊन नाही, गारवा नाही. आता भाकरीची खरखर लागली.

"घ्या," पाळक हळूच म्हणाले.

"व्हय जी," तो म्हणाला.

शेजारचे उठून गेले, दुसरे येऊन बसले. शांतवन तसाच होता, भाकरी खळगीत धरून, हात जराही हलू न देता.