इंटरवलला सांगायची गोष्ट

दुपारचे दोन वाजायला आले तरी चेतनाचा पाय एका जागी ठरत नव्हता. खिडक्यांवरची ताडपत्री तिनं चौथ्यांदा ओढून पाहिली, माईकवर तीनदा ‘हॅलो हॅलो’ केलं, दऱ्या अंथरल्या, उचलल्या आणि पुन्हा होत्या तशाच अंथरल्या. चहाच्या गंजाशी, म्हणजे मोठ्या पातेल्याशी, बसलेली गोदावरी शेवटी वैतागली.

“अवं, बस नं एका जागी! तुह्यामागं पाहून पाहून माही मान आखडली.”

चेतना बसली. दोन मिनिटांत उठली.

कोसमडीह हे रायपूरजवळच्या उरल्याच्या कारखान्यांपलीकडचं गाव. कारखान्यांची धूळ तिथं संपते म्हणतात, पण धुळीला ते कोणी सांगितलेलं दिसत नाही. गाव बहुतेक छत्तीसगढी, आणि तळ्याकडच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, वीस-पंचवीस घरं मराठी; आजे-पणजे विदर्भातून रेल्वेच्या नाहीतर कारखान्याच्या कामाला आले ते इथलेच झाले. सिनेमा पाहायला रायपूरला जायचं म्हणजे अख्खा रविवार गेला, वर पोट्टे पॉपकॉर्नसाठी रडणार ते वेगळंच. म्हणून सहा वर्षांपूर्वी पाच-सात जणांनी सामुदायिक भवनात ‘हमर टाकीज’, म्हणजे आपली टाकीज, सुरू केली. दर रविवारी दुपारी दोनला. तिकीट नाही आणि काम करणाऱ्यांना पगार नाही. धर्मपाल उरल्याला इलेक्ट्रिशियन, तो प्रोजेक्टर चालवतो. गोदावरी चहा करते. चेतना अंगणवाडीत शिकवते, आवाज खणखणीत, म्हणून माईक तिच्याकडे.

माईकचं खरं काम इंटरवलला. सिनेमा कसाही भिकार असो, हमर टाकीजचं इंटरवल कोणी चुकवत नाही. कोणाची बकरी हरवली, कोणाला नातू झाला, कोणाकडे कधी लग्न, सगळं तिथं सांगायचं. तिथं सांगितलं की गावानं मानलं. नुसत्या पत्रिका वाटून पाहा, लोक तोंडावर म्हणतील, “इंटरवलमधी तं काही ऐकलं नाही बा!”

एकच नियम होता. लग्नाचं सांगायचं ते घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं. चार वर्षांपूर्वी एका पठ्ठ्यानं स्वतःच माईक घेऊन आपलं लग्न जाहीर केलं होतं, आणि पोरीच्या घरच्यांना त्याचा पत्ताच नव्हता. पुढं काय झालं विचारू नका, अकरा खुर्च्या मोडल्या. दुसऱ्या रविवारी उठून हा नियम केला कोणी? चेतनानं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे तेव्हा तिला काय ठाऊक!

कारण आता लग्न तिचंच होतं. धर्मपालशी.

तिचा नवरा यशदीप काविळीनं गेला त्याला सात वर्षं झाली. आईबाप आधीच गेलेले. राहिल्या घरात दोघी, चेतना आणि तिची सासू अंजनाबाई; चेतना तिला आत्याबाई म्हणते. दोघींचं रोज भांडण. कधी मिठावरून, कधी खिडकी उघडी ठेवण्यावरून, आणि एखाद्या दिवशी भांडण नाही झालं तर दोघींना जेवण जात नसे. धर्मपाल बेचाळिशीचा, तीन बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलेला. मोजकं बोलणारा, सरळ. त्यानं विचारलं तेव्हा चेतनानं एकच सांगितलं होतं, “आत्याबाईनं सर्वाईसमोर सांगितलं तं लगन. नाही तं नाही. जिच्यासंगं सात वर्षं एका चुलीचं खाल्लं, तिच्या डोक्यावरून जाऊन मले संसार मांडाचा नाही.”

आणि अंजनाबाई? धानकापणीच्या वेळी पहिल्यांदा विचारलं तर म्हणाल्या, “मले काय विचारून राहिली?” दुसऱ्यांदा म्हणाल्या, “पाहू.” त्यानंतर मूग गिळून बसल्या. मागच्या दोन रविवारी इंटरवल झालं रे झालं की गुडघा धरून बाहेर. पौर्णिमा गुरुवारी, विहारात भंतेजींना सांगून झालेलं, धर्मपालच्या बहिणींची रेल्वेची तिकिटं निघालेली. आज सांगितलं नाही तर पुढचा रविवार पौर्णिमेनंतरचा. चेतना सकाळपासून उठबस करत होती ती उगाच नाही.

सव्वादोनला हॉल भरला. अंजनाबाई आल्या, काठी टेकत, इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून. चेतनाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. भिंतीशी आपल्या नेहमीच्या जागी बसल्या आणि शेजारच्या तुळशीरामभाऊंना म्हणाल्या, “सरका थोडं, काय पसरले दाजीवानी!” म्हणजे मूड काय आहे, कळायला मार्ग नाही. इस्त्रीचं लुगडं म्हणजे बोलणार? की ते आपलं सहज? चेतनानं त्या लुगड्याचा इतका विचार केला की सिनेमा सुरू झाल्याचंही तिला उशिरा समजलं.

सिनेमा दोन बहिणींचा होता. जत्रेत हरवलेल्या, एक श्रीमंत घरी वाढलेली, एक गरीब. बायका पहिल्या गाण्यालाच डोळे पुसायला लागल्या. चेतना मागं भिंतीला टेकून उभी, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. पेनड्राइव्हवरच्या सिनेमात इंटरवल नसतं. अंदाजानं निम्मा झाला, एखादा बरा प्रसंग आला, की धर्मपाल थांबवतो आणि दिवे लावतो. साडेतीन वाजले. श्रीमंत बहिणीला गरीब बहिणीचं लॉकेट सापडलं, सगळा हॉल ‘अगं बाई’ म्हणाला. याहून बरी जागा ती कोणती!

सिनेमा चालूच राहिला.

पावणेचार झाले. गोदावरीनं चहाचा गंज दुसऱ्यांदा गरम केला आणि दारातून हातवारे केले. चेतनानं धर्मपालकडे पाहिलं. तो लॅपटॉपपुढं बसलेला, बोट बटणावर, नजर कुठंच नाही. ती वाकून, लोकांच्या पायांतून वाट काढत त्याच्याजवळ गेली.

“थांबवा नं! अर्ध्याच्या वर होऊन गेला.”

“हात नाही उठून राहिला.”

“म्हंजे?”

“मावशी नाही म्हणाल्या तं?” धर्मपाल कुजबुजला. “घरात नाही म्हणाल्या तं आपण थांबू, वर्षभर थांबू, मले काही नाही. पण इथं सर्वाईसमोर नाही म्हणाल्या, का पुन्हा उठून बाहेर चालल्या गेल्या, तं मंग संपलंच नं.”

चेतनाला सपाटून राग आला. माणूस अकरा हजार व्होल्टच्या लाइनीवर काम करतो, आणि एका म्हातारीला घाबरून सिनेमा थांबवत नाही!

“मंग काय, आखरीपर्यंत चालवता? लोक घरी जातील, पौर्णिमा बी जाईल. असं झाकून ठेवून मले नाही राहाता येत. नाही म्हणाल्या तं म्हणू द्या. मी रडीन, पण मले माहीत तं होईल!”

हे शेवटचं जरा मोठ्यानं झालं. पुढचे दोघे-तिघे वळून पाहायला लागले. आणि नेमकं तेव्हाच तुळशीरामभाऊंचा धीर सुटला. हा माणूस सहा वर्षं येतो तो फक्त चहासाठी, सिनेमाचं नावही त्याला सांगता येत नाही.

“अरे, इंटरवल का नाही होऊन राहिलं? चहा का उद्या देता?”

“हव, इंटरवल करव ग!” मागून कोणी छत्तीसगढीत ओरडलं. “भैया, इंटरवल!” पोरांनी तर हॉल डोक्यावर घेतला. पडद्यावर गरीब बहीण पुरात वाहून चाललेली, आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नाही. धर्मपालचं बोट बटणावर तसंच.

एकदम पडद्यावर अंधार पडल्यासारखं झालं. अंजनाबाई उठल्या होत्या. काठी टेकत त्या थेट उजेडाच्या झोतात जाऊन उभ्या राहिल्या, आणि पूर, नदी, हिरोईन सगळं त्यांच्या अंगावरून वाहायला लागलं.

“आजी, बैठो ना! दिख नहीं रहा!”

“तुले काय दिसाचं राहिलं रे? नाही मरत ते, शेवटी सापडतेच,” अंजनाबाई म्हणाल्या. मग प्रोजेक्टरकडे हात करून त्यांनी हुकूम सोडला, “धर्मपाल, बंद कर ते.”

बंद झालं. दिवे लागले. चेतना माईक घेऊन धावली, तारेत पाय अडकून पडता पडता वाचली. अंजनाबाईंनी माईक हातानंच बाजूला सारला.

“नाही पायजे. माहा आवाज पुरते.”

चेतना त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती, माईक तसाच हातात धरून. गोदावरी चहा सोडून दारात आली.

“माही सून,” अंजनाबाई म्हणाल्या आणि थांबल्या. “चेतना. हिचं लगन हाय, गुरुवारी, पौर्णिमेले, विहारात. या धर्मपालसंगं. सर्वाईनं यायचं.”

टाळ्या सुरू होणार तोच त्यांनी काठी आपटली.

“थांबा! माहं नाही झालं अजून. मले गोड बोलता नाही येत. मले हे लगन आवडून नाही राहिलं. खोटं काहून बोलू? यशदीपची आई हावो मी, मले कसं बरं वाटन? लोक म्हणतीन, अंजनाबाईचं मन मोठं. काही मोठं नाही! दोन महिने झाले, मले झोप नाही. हे घरातून गेली तं सांजच्याला भांडू कोणासंगं मी? भित्तीसंगं?”

कोणी हसलं नाही. चेतनाला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमीन फाटावी. इतके दिवस तिला वाटत होतं, सासू मुलाच्या आठवणीसाठी अडून बसली आहे. एकटेपणाची भीती म्हणून गप्प असेल, असं एकदाही मनात आलं नाही. रोज भांडणारीला कधी भीती वाटते का, असंच आपण समजत आलो.

“पण मले बरं वाटावं म्हणून एका जित्याजागत्या बाईले घरात बसवून ठेवू का?” अंजनाबाईंचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “मले मांगच्या दोन्ही टाइमाले सांगता नाही आलं. तोंडच नाही उघडलं माहं. आज सांगितलं. झालं.”

त्या वळल्या आणि आपल्या जागेकडे निघाल्या. चेतनानं पुढं होऊन त्यांचा हात धरला, त्यांनी तो झटकला, तिनं पुन्हा धरला. तेव्हा मागून, प्रोजेक्टरच्या टेबलाजवळून, धर्मपाल उठला. सर्वांसमोर बोलायची सवय नाही, कान लाल झालेले. पण बोलला.

“मावशी, तुम्ही बी चला नं. आमच्यासंगंच राहा. तीन खोल्या हायत घरात, एक तुमची.”

अंजनाबाई गर्रकन फिरल्या. अशा चिडल्या की पोरं दोन पावलं मागं सरकली.

“लाज नाही वाटत बोलाले? अरे, कोणती माय जावयाच्या घरी जाऊन राहाते रे?”

मग गोदावरीनं तोंडाला पदर लावला. तुळशीरामभाऊ चहा विसरले. अंजनाबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आपण काय बोललो ते आपल्याच कानांनी ऐकल्यासारखं. पण शब्द परत घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

“काय पाहून राहिले असे?” त्या म्हणाल्या. “पोरीचं लगन हाय माह्या. तिनंच यायचं माहेरी, रोज, सांजच्याला.”

चेतना तिथंच, भर हॉलमध्ये, लहान पोरीसारखी ओक्साबोक्शी रडायला लागली.