खड्ड्याच्या काठावर

धाकटी जाऊ भित्री होती, आणि हे सगळ्या घराला ठाऊक होतं. रस्त्यात कुत्रा दिसला की ती फुटपाथ बदलायची. लिफ्टचं दार बंद झालं की श्वास रोखून धरायची. नवरा ट्रक घेऊन लांबच्या फेरीला गेला की दाराची कडी लावून झाल्यावर पुन्हा उठून बघायची. थोरली जाऊ तिला भागूबाई म्हणायची. तोंडावर म्हणायची, पाहुण्यांसमोरही म्हणायची.

थोरलीचं सगळंच उलटं. गॅरेजमध्ये नवऱ्याच्या बरोबरीनं ती गाड्यांची चाकं उतरवायची, गिऱ्हाइकाशी कडकडून भांडायची आणि भांडण संपलं की त्यालाच चहा पाजायची. दोघींत विळ्याभोपळ्याचं सख्य नव्हतं, पण गळ्यात गळाही नव्हता. एका छपराखाली दोन संसार म्हटल्यावर जितकं जमतं तितकं जमत होतं.

त्यांचं गॅरेज पेट्रोल पंपाला लागूनच होतं; मधे एक भिंत, बस्स. वस्ती वाढली, मोठा रस्ता पलीकडून गेला, आणि पंपावर येणाऱ्या गाड्या हळूहळू आटल्या. मग एक दिवस पंप बंद झाला. पंप, गॅरेज, गाड्या धुवायचा कट्टा, सगळं पाडून तिथे मोठं सुपरमार्केट होणार होतं. गॅरेजला दोन रस्ते पलीकडे एक शेड मिळाली. हे घडलं त्या दिवशी गॅरेज रिकामं करून चाव्या द्यायच्या होत्या.

सकाळी भाऊजी, म्हणजे थोरलीचा नवरा, जड सामान टेंपोत भरून नव्या शेडकडे गेले. मागे दोघी जावा राहिल्या, झाडायला आणि बारीकसारीक खोक्यात भरायला. वीज आदल्या दिवशीच तोडली होती. भिंतीपलीकडे खोदाईचं मशीन जमिनीतून पंपाच्या जुन्या टाक्या उपटून काढत होतं, आणि दर धक्क्याला गॅरेजचा पत्रा थरथरत होता.

"हे छप्पर आपल्या डोक्यावर येणार, ताई," धाकटी म्हणाली.

"येऊ दे. तेवढंच पाडायचं काम कमी होईल," थोरली म्हणाली आणि फळ्या उचलायला लागली.

या फळ्या खड्ड्यावरच्या. गाडी वर उभी करून तिच्या पोटाखाली उभं राहून काम करता यावं म्हणून गॅरेजच्या मधोमध एक अरुंद, माणूसभर खोल खड्डा होता. एका टोकाला उतरायला सिमेंटच्या पायऱ्या. बरेच दिवस काम नव्हतं, म्हणून तो झाकून ठेवलेला. खड्ड्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात पान्यांचा चांगला संच राहिला होता, आणि तो पाडणाऱ्यांच्या हाती लागू देणं थोरलीच्या रक्तात नव्हतं.

"भाऊजी आल्यावर काढतील ना," धाकटी म्हणाली. तिला त्या अंधाऱ्या भोकात नुसतं डोकावायलाही नको वाटायचं.

"तोवर मी काय हात जोडून बसू?" असं म्हणत थोरली पायऱ्या उतरलीसुद्धा.

धाकटी वर्तमानपत्रात दिव्यांच्या काचा गुंडाळत होती. खालून थोरलीचा आवाज आला, "कसला उग्र वास येतोय गं इथे." मग जरा वेळानं, वेगळ्याच, जडावलेल्या आवाजात, "डोकं गरगरतंय बघ." आणि मग पान्यांचा संच सिमेंटवर आपटल्याचा खणखणाट.

"ताई?"

धाकटी काठाशी गेली. खाली थोरली पायऱ्यांच्या तळाशी दुमडून पडली होती. एक हात वर, मधल्या पायरीवर, तोंड भिंतीकडे. जिच्यापुढे कुणाचं चालायचं नाही ती बाई धुवायच्या कपड्यांच्या ढिगासारखी पडली होती.

धाकटीनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसऱ्या पायरीवर वाकली, थोरलीच्या हाताकडे आपला हात नेला, आणि वास तिच्या नाकातोंडात घुसला. पेट्रोलचा. डोळ्यांसमोर काळं झालं. ती मागच्या मागे वर सरपटली आणि जमिनीवर पडून खोकत राहिली. थोरलीचा हात तिच्या हातापासून वीतभरच तर लांब होता. तरी पुन्हा पाय पुढे टाकायची तिची छाती होईना.

भिंतीपलीकडे मशीन घरघरत होतं. ती धडपडत बाहेर पळाली, मशीनच्या समोर जाऊन दोन्ही हात हलवत उभी राहिली, आणि मशीनवाल्यानं खालचा दांडा ओढून मशीन थांबवलं तेव्हा कुठे तिच्या तोंडून शब्द निघाले, "खड्ड्यात... माझी जाऊ... खड्ड्यात पडलीय!"

मशीनवाला तरुण नव्हता. त्याच्याबरोबरची माणसं काढलेली टाकी घेऊन ट्रेलरबरोबर गेली होती. तो एकटाच होता. तो धावत आला, काठाशी उभा राहून त्यानं एकदा श्वास घेतला आणि धाकटीच्या दंडाला धरून तिला मागे खेचलं.

"उतरलात का खाली?"

"एक पाय..."

"आता अजिबात उतरायचं नाही. पलीकडून पेट्रोल पाझरलं असणार, त्याची वाफ खाली साचलीय. एक जण बाहेर काढायला जातो आणि दोघांना काढावं लागतं. मी पाहिलंय, वहिनी. आणि इथे फोन लावू नका, एक ठिणगी पुरेल. रस्त्यावर जा आणि बंब बोलवा. पळा!"

थोरलीला तिथे तशी टाकून पळणं म्हणजे काय ते धाकटीला त्या क्षणी कळलं. तरी ती पळाली. रस्त्यावर फोन लावला. पलीकडची बाई पत्ता विचारत होती आणि धाकटीला आपल्याच रस्त्याचं नाव आठवेना. "जुना पेट्रोल पंप," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "जिथे सुपरमार्केट होणार आहे तो." पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "कळलं. गाडी निघाली आहे. कुणालाही खाली उतरू देऊ नका."

ती परत आली तेव्हा मशीनवाल्यानं मागचं शटरही उघडलं होतं आणि बंद गाड्या ओढायचा नायलॉनचा दोर सोडवून त्याच्या टोकाला फास केला होता.

"माझे हात जाड आहेत, तुमचे बारीक," तो म्हणाला. "पालथ्या झोपा. डोकं काठाच्या खाली न्यायचं नाही. श्वास बाहेर घ्यायचा, रोखायचा, मग हात खाली."

धाकटी पालथी झोपली. काठाचं गार सिमेंट गालाला लागलं. तिनं तोंड वळवून श्वास घेतला, हात खाली सोडला. फास थोरलीच्या बोटांवरून घसरला. पुन्हा श्वास. पुन्हा घसरला. "ताई, हात जरा वर करा ना," ती रडत म्हणाली, जणू थोरली हट्टानंच ऐकत नव्हती. मग कधीतरी फास मनगटावरून कोपरापर्यंत चढला आणि दोघांनी मिळून ओढलं.

थोरली हलली. तिचं अंग पायऱ्यांवर फरफटत वर आलं, मान मागे लटकली, चेहरा दिसला. राखेच्या रंगाचा. आणि तिथेच ती अडकली. तिचा पाय खाली भिंतीलगतच्या एका नळामागे गुंतला होता. मशीनवाल्यानं दोर कमरेभोवती गुंडाळला आणि टाचा रोवून उभा राहिला. "हा दोर सुटला तर त्या परत खाली जातील," तो दातओठ खाऊन म्हणाला. "माझ्याच्यानं आता दुसरं काही होणार नाही. बाकीचं तुम्ही बघा."

बाकीचं म्हणजे काय, असं धाकटी विचारणार तोच रस्त्यावर टेंपोचा आवाज आला.

ती फाटकाकडे धावली. भाऊजी टेंपो बाहेरच लावून आत येत होते, आणि त्यांच्या ओठांत नुकतीच पेटवलेली सिगारेट होती. ज्या दिरांशी धाकटी इतक्या वर्षांत कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती, त्यांच्या तोंडावर तिनं फाडकन हात मारला. सिगारेट रस्त्यावर उडाली. तिनं ती चपलेखाली चिरडली, पुन्हा पुन्हा चिरडली.

"वेड लागलंय का तुला?"

"आत पेट्रोल साचलंय, भाऊजी. ताई खड्ड्यात बेशुद्ध पडल्यात. बंब येतोय. तुम्ही उतरायचं नाही. कुणीही उतरायचं नाही."

यातलं त्यांनी बायकोचं तेवढंच ऐकलं. ते आत घुसले. दोराच्या टोकाला बायकोचा तसला चेहरा पाहिला आणि सरळ पायऱ्यांकडे निघाले.

"शेठ, नको! मी दोर सोडू शकत नाही, शेठ!" मशीनवाला ओरडला.

धाकटीनं मागून त्यांच्या पायांना मिठी मारली. भाऊजी धाडकन आडवे झाले. ते गॅरेजवाले, उभा जन्म जड सामान उचललेला माणूस. ती त्यांच्या खांद्याएवढी. त्यांनी कोपर मागे मारलं, तिचा ओठ फुटला. तिनं मिठी सोडली नाही.

"सोड! माझी बायको मरतेय आणि तू मला धरून ठेवतेस?"

"हो!"

"तू तर काठावर उभी राहून बघत बसलीस!"

हे तिला कोपरापेक्षा जास्त लागलं. तरी तिनं सोडलं नाही. ते तिच्यासकट सरपटत काठापर्यंत गेले, एक पाय त्यांनी पायरीवर टाकला, आणि तो वास त्यांनाही भिडला. त्यांना ठसका लागला. तेवढ्यात धाकटीनं दोन्ही हातांनी त्यांचा पट्टा धरला आणि अंगाचं सगळं ओझं मागे टाकलं. एवढी ती आयुष्यात कधी भ्याली नव्हती. आता सगळं उलटंपालटं होणार, हेही जाणार, मशीनवाला दोरासकट जाणार, संध्याकाळी नवरा फेरीवरून परत येईल तेव्हा त्याला सांगायला कुणी उरणार नाही, असं सगळं तिच्या डोक्यात एकदम आलं. भाऊजींच्या पट्ट्याचं बकल तिच्या तळव्यात रुतलं होतं आणि ती मोठ्यानं, लहान मुलासारखी रडत होती.

भोंगा ऐकू आला तो अशा अवस्थेत.

बंबवाले पाठीवर हवेचे सिलिंडर आणि तोंडावर मुखवटे चढवून उतरले. एकानं पाय सोडवला, दुसऱ्यानं काखेत हात घालून उचललं. थोरलीला बाहेर उघड्यावर ठेवलं आणि तोंडाला ऑक्सिजन लावला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिच्या घशातून घरघर निघाली आणि तिला ओकारी झाली. ते पाहून भाऊजी मटकन खाली बसले आणि धाय मोकलून रडले.

ती वाचली. दोरानं तोंड वर आलं म्हणून, की मागचं शटर उघडून वारा आला म्हणून, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना. संध्याकाळी तिनं डोळे उघडले, नवऱ्याला ओळखलं आणि पाणी मागितलं. डाव्या हाताला कंप राहिला तो राहिलाच. खड्ड्यात उतरल्यापासूनचं तिला काहीच आठवत नव्हतं.

धाकटीला मात्र सगळं आठवत होतं, आणि एक गोष्ट तिला खात होती. मशीनवाल्यानं सांगितलं तेव्हा नव्हे. त्याच्या आधीच तिनं पाय मागे घेतला होता. त्या वाफेबद्दल तिला तेव्हा काय ठाऊक होतं? काहीच नाही. ती नुसती घाबरली होती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "दोघी जिवंत आहात ना? मग झालं." त्यानं तिचं समाधान होईना. शेवटी दवाखान्यात थोरलीचे केस विंचरताना तिनं तिलाच सांगून टाकलं.

थोरलीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी न घाबरता उतरले. काय दिवे लावले ते बघतेस ना?" आणि थोड्या वेळानं, "जरा हळू विंचर गं. डोकं माझंच आहे."

भाऊजी मात्र त्या दिवसाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. काठावर उभी राहून बघत बसलीस, हे त्यांनी परत घेतलं नाही आणि पुन्हा उच्चारलंही नाही. धाकटीही त्यांच्यासमोर पूर्वीसारखीच खालच्या आवाजात बोलायची, फक्त आता दोघंही एकमेकांची नजर चुकवायचे.

पुढच्या वर्षी सुपरमार्केट उभं राहिलं. काचेची दारं, पांढरे दिवे, आणि गाड्या लावायला जमिनीखाली तळघर. आठवड्याच्या खरेदीला सगळं घर मिळून जायचं. पहिल्याच दिवशी गाडी त्या उताराला लागली, वरचा उजेड मागे राहायला लागला, आणि मागच्या सीटवर धाकटीच्या अंगाला दरदरून घाम फुटला. ती कुणाला काही बोलली नाही. शेजारी थोरली भाजीच्या भावांबद्दल बोलत होती. तिलाही कळलं नाही. भाऊजींनी आरशात एकदा पाहिलं, करकचून ब्रेक दाबला, आणि मागून हॉर्न वाजत असताना गाडी उलटी वर काढली.

तेव्हापासून ते गाडी लांब, रस्त्याच्या त्या टोकाला, उन्हात लावतात. थोरली कुरकुरते, की तळघरात फुकट जागा असताना एवढं ओझं वाहायचं कशाला. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन भाऊजी पुढे चालतात, आणि जड पिशवी धाकटीच्या हातात दिसली तर तीही काढून घेतात.