मधला थर

हर्सूलच्या मालनबाईंनी परसातून उपटून दिलेले नागदवण्याचे कांदे अकरा होते. दोन कुजलेले निघाले. उरलेल्या नऊंचे काप वाळवून दळले, तेव्हा ६४० ग्रॅम भुकटी भरली. परसात आता फरशी बसणार होती, त्यामुळे आणखी कांदे मिळणार नव्हते.

मला त्यातलं लायकोरिन हे अल्कलॉइड वेगळं करायचं होतं. शुक्रवारपर्यंत शुद्ध शंभर मिलिग्रॅम पुण्याला पोचलं तरच पेशींवरची चाचणी होणार आणि माझा प्रबंध यंदा पुरा होणार.

अर्क आम्लात घेतला, अमोनिया घातला, क्लोरोफॉर्मबरोबर सहा वेळा हलवला, दर वेळी मधला गाळ कागदावर गाळून टाकला, खालचा थर काढून आटवला. बुधवारी सकाळी हाती आलं नऊ मिलिग्रॅम.

"कांद्याला एक. निदान भागाकार सोपा आहे," शेजारच्या टेबलावरची अपेक्षा म्हणाली.

मी कृतीचा कागद पुन्हा वाचला. आमच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं धोतऱ्यावर काम चालतं, कागदही त्याच कामाचा. दोन थरांच्या मधला गाळ गाळून टाकून द्यावा, असं त्यात लिहिलेलं. धोतऱ्याची अल्कलॉइडं क्लोरोफॉर्ममध्ये सहज विरघळतात. लायकोरिनचं काय? संदर्भ काढून पाहिला. क्लोरोफॉर्ममध्ये जेमतेम, अमोनियाच्या पाण्यातही तसंच. मग ते जाणार कुठं?

मी पळत मागच्या खोलीत गेले. क्लोरोफॉर्म लागलेला कचरा महिनाअखेरपर्यंत तिथं झाकणाच्या बरणीत साठवतात. माझे सहाही गाळणकागद त्यात होते, तारखांसकट. एकाचा तुकडा पातळ आम्लात बुडवला आणि त्या आम्लात ड्रॅगेनडॉर्फ द्रावणाचे दोन थेंब टाकले. अल्कलॉइड असेल तर नारिंगी साका बसतो. एवढा दाट नारिंगी मी धोतऱ्यातही पाहिला नव्हता.

अपेक्षाला हाक मारली. ती म्हणाली, "नाचू नकोस. आधी कोरा कागद तपास."

कोऱ्या कागदाचं आम्ल स्वच्छ राहिलं. मग तीही जेवायला गेली नाही.

सहा कागद आम्लात धुतले, गाळले, अमोनिया घातला. पांढरा साका वेगळा करून अल्कोहोलमधून त्याचे स्फटिक पाडले. गुरुवारी दुपारी सिलिकाच्या पट्टीवर, जिथं प्रत्येक पदार्थ आपापल्या उंचीपर्यंत चढतो, त्यांचा एकच ठिपका आला, विकत आणलेल्या लायकोरिनच्या बरोबर उंचीवर. स्फटिक वाळवून बाटलीत भरले. बाटली अपेक्षानं काट्यावर ठेवली. आकडे मी वहीत लिहिले.

रिकामी बाटली १२.४१८ ग्रॅम. स्फटिकांसह १२.५५५ ग्रॅम. लायकोरिन १३७ मिलिग्रॅम.