मानेखालचे फोटो

माझ्या फोनमध्ये ह्यांचे यंदाचे एकशे सव्वीस फोटो आहेत आणि एकातही तोंड नाही. हे ऐकून कुणाला वाटेल, बाईचं डोकं फिरलंय. डोकं ठिकाणावर आहे. मी टेलर आहे, एवढंच.

माझं काम पुरुषांच्या कोटांचं. एका मोठ्या दुकानाला दर महिन्याला नवे नमुने शिवून द्यायचे, चाळीस नंबरचे. ह्यांची छाती बरोबर चाळीस, खांदे सरळ. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून रिटायर झाल्यापासून सकाळी पेपर वाचून झाला की मोकळेच. घरात चाळीस नंबरचा माणूस असताना बाहुलं कशाला आणायचं? कोट शिवून झाला की ह्यांच्या अंगावर चढवायचा, तीन फोटो काढायचे. समोरून आणि बाजूने काढलेले दुकानदाराला, पाठीचा मला. कुठे झोळ पडला, कुठे टाचणी लावून कापड आत घेतलं, ते पाठीवर दिसतं.

पहिला फोटो तोंडासकट पाठवला होता. दुकानदार म्हणाला, "ताई, कोट झकास आहे, पण लोक आधी चेहरा बघतात." ह्यांनी तो निरोप पुढे महिनाभर सगळ्यांना हसत सांगितला. "माझ्या थोबाडापुढे हिच्या कोटाचं काही चालत नाही." तेव्हापासून माझी पद्धत ठरली. फोन समोर धरायचा, हनुवटी बाहेर जाईपर्यंत झटकन खाली आणायचा आणि दाबायचं. हाताला ती सवयच लागली. ते फोटोसाठी उभे राहिले की मी मानेखालीच बघायचे. वरचं काय, रोजचंच होतं.

आमची लेक दुसऱ्या गावी शाळेत गणित शिकवते. दर डिसेंबरात ती वर्षाचा अल्बम छापून आणते, महिन्याला दोन पानं. यंदा तिचा फोन आला तेव्हा म्हणाली, "बाबांचे फोटो शोधून ठेव. रविवारी येते." एवढंच बोलली. ऑक्टोबरात हे गेल्यापासून आमचं असंच चाललं होतं. गॅसचा नंबर लावला का, पेन्शनचे कागद दिले का. कामापुरतं.

त्याला कारण होतं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं की पोटातली गाठ वर्षभर वाढत असणार, तेव्हा ती कॉरिडॉरमध्ये माझ्याकडे वळली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आई, तू रोज बाबांना टेप लावत होतीस. तुला कळलं कसं नाही?" मी फटकळ बाई, जिला तिला तिथल्या तिथे ऐकवते. त्या दिवशी मात्र औषधांची चिठ्ठी उचलली आणि जिना उतरले. कारण तोच प्रश्न मी स्वतःला विचारत होते. अजूनही विचारते. आणि रविवारी ती समोर बसली की पुन्हा विचारणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी कापायच्या टेबलावरचं सगळं बाजूला सारलं आणि जानेवारीपासून बघायला बसले.

जानेवारीत राखाडी कोट. पाठीवर एक टाचणी नाही. कोट असा बसलाय की माझी मलाच पाठ थोपटावीशी वाटली. हाताची मूठ वळलेली, त्यात पेपरची गुंडाळी. ठेवा म्हटलं तरी ठेवायचे नाहीत. फेब्रुवारीत चौकड्यांचा, एक बटण अजून लागायचं होतं, तिथे ह्यांनी बोट धरलंय. बटण नाही हे दुकानदाराला दिसू नये म्हणून. त्या बोटावर मी तेव्हा चापट मारली होती.

मार्चमध्ये पाठीवर दोन टाचण्या. एप्रिलमध्ये चार. मी फोटो पुढे सरकवत गेले. मनगटावरचं घड्याळ जानेवारीत जागच्या जागी होतं. मेमध्ये ते तळव्यापर्यंत घसरलंय. जूनमध्ये सात टाचण्या. जुलैत पाठीवर मधोमध वरपासून खालपर्यंत रांगच आहे, आणि समोरून तोच कोट कसा चापूनचोपून बसलाय! त्या टाचण्या कुणी लावल्या? मीच. या हातांनी. दर महिन्याला थोडं थोडं कापड आत घेत गेले.

आणि दिसलं नाही असंही नाही. तेच तर मला गिळता येत नाही. मला दिसलं होतं आणि मी खूश झाले होते. दोन वर्षं मी ह्यांच्या मागे लागले होते, पोट सुटलंय, चालायला जा. वर्षाच्या सुरुवातीला ते खरंच जायला लागले. मेमध्ये मी ह्यांना आरशापुढे उभं करून म्हटलं होतं, "बघा, लग्नात असेच दिसत होता." ते लाजले होते. साठीच्या पुढचा माणूस, कानापर्यंत लाल झाला. पुढे गाल बसले, पण जूनमध्ये तीन दाढा काढल्या होत्या, ते खापर मी दाढांवर फोडलं.

जुलैत मात्र मनात पाल चुकचुकली. म्हटलं, "अहो, फारच उतरलात. एकदा डॉक्टरांना दाखवू या." डॉक्टरचं नाव काढलं की ह्यांना धडकी भरायची. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात जाऊ." पुढच्या आठवड्यात म्हणाले, "खायला लागलोय की आता नीट. माप घेऊन बघ." मी घेतलं. मापाच्या वहीत शेवटच्या पानावर ह्यांची मापं असायची. जुलैत साडेछत्तीस लिहिलंय. ऑगस्टमध्ये साडेअडतीस. सप्टेंबरमध्ये चाळीस. फोटोतही तसंच. ऑगस्टमध्ये तीन टाचण्या, सप्टेंबरच्या निळ्या कोटाला एकही नाही. मी निश्चिंत झाले. डॉक्टरांचा विषय मीच सोडून दिला.

त्यानंतर पाच आठवड्यांत ते गेले. हा चाळीसचा आकडा मला कळत नव्हता. मी तीस वर्षं माणसं मोजतेय. माझी टेप अशी चुकत नाही.

रविवारी लेक आली. अंगात जाड स्वेटर, खांद्याला बॅग. "चहा टाकू का?" म्हटलं तर "नंतर" म्हणाली. टेबलापाशी बसून तिने माझा फोन हातात घेतला आणि वर-खाली सरकवायला लागली. कपाळावर आठ्या चढत गेल्या.

"आई, हे काय आहे? बाबा कुठे आहेत?"

"हे काय, उभे आहेत की."

"तोंड कुठे आहे?"

"दुकानदाराला कोट हवा असतो. तोंड कशाला?"

"एक पण नाही? अख्ख्या वर्षात एक पण नाही?"

शेजाऱ्यांच्या मांजराचे फोटो निघाले, दुकानात पाठवायच्या गठ्ठ्यांचे निघाले, नळाची फुटलेली तोटी निघाली. नवऱ्याचं तोंड नाही. ते समोरच होतं, त्याचा फोटो काय काढायचा, असं वाटायचं.

ती काही बोलायच्या आत मीच सुरुवात केली. ठरवूनच बसले होते. एकेक पाठीचा फोटो उघडला आणि तिला टाचण्या मोजून दाखवल्या. मार्च, एप्रिल, मे. म्हटलं, "तू विचारलं होतंस ना, कळलं कसं नाही? कळलं होतं. मला वाटलं, चालण्याने उतरलेत. मी त्यांचं कौतुक केलं. माझं चुकलं." मला रडायचं नव्हतं, पण रडू आलं.

ती खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, "मी पण केलं होतं. व्हिडिओ कॉलवर. म्हटलं होतं, बाबा, कसले हीरो दिसताय."

बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायला बघत होतं, ती होत नव्हती.

"पण ऑगस्टपासून भरले होते," मी म्हटलं. वही तिच्यापुढे केली. "हे बघ. चाळीस. म्हणून तर मी सोडून दिलं."

"कसं शक्य आहे? त्या आजारात माणूस असा भरतो का?" गणिताच्या बाई जाग्या झाल्या. तिने सप्टेंबरचा निळा कोट उघडला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि कॉलरीवर बोट ठेवून दाबून धरलं. मोठं करून बघायचं होतं तिला.

आणि फोटो हलला.

मी दचकले. फोनमधून माझाच आवाज आला, "हलू नका. हात खाली." लेकीने बोट उचललं तसा फोटो पुन्हा मुकाट उभा राहिला, मान नसलेला.

"अगं, हे काय?"

तिने कपाळावर हात मारला. "मीच लावून दिलं होतं फोन घेतला तेव्हा. बटण दाबायच्या आधीचे दोन-तीन सेकंद पण तो घेऊन ठेवतो. मी विसरूनच गेले होते." ती माझ्याकडे बघत राहिली. "आई, तू फोन वरून खाली आणतेस ना?"

तिने जानेवारीचा फोटो दाबला. आधी ह्यांचं तोंड आलं. पूर्ण, चष्म्यासकट, भुवया वर करून माझ्याकडे बघणारं. मग फोन खाली घसरला, हनुवटी गेली, कोट राहिला. फेब्रुवारीत तोंडात काहीतरी चघळत होते. मार्चमध्ये जांभई. एप्रिलमध्ये मी ओरडतेय, "अहो, श्वास सोडा, पोट आत कशाला घेताय," आणि ते हसू दाबतायत. एकशे सव्वीस फोटो. पाठीचे सोडले तर सगळ्यांत ते होते. वर्षभर रोज खिशात घेऊन फिरत होते मी त्यांना. आम्ही खुर्च्या जवळ ओढल्या, डोक्याला डोकं लावून एकेक दाबत गेलो. मध्येच हसलो. लेक हसता हसता माझ्या खांद्यावर टेकली आणि तशीच राहिली.

चेहरा महिन्यामहिन्याला बारीक होत गेला. तेही बघितलं. काही सोडलं नाही.

मग पुन्हा सप्टेंबरचा निळा कोट. या वेळी पहिल्यापासून, नीट. फोन वर आहे तेव्हा ह्यांचं माझ्याकडे लक्ष नाही. दोन बोटं कॉलरीत घातलीत आणि शर्टाच्या आतून वर आलेली तपकिरी किनार घाईघाईने आत ढकलतायत. तिच्याखाली आणखी एक, हिरवी. दोन्ही मी ओळखल्या. एक बिनबाह्यांचा स्वेटर मी विणलेला, दुसरा त्यांच्या ऑफिसातल्या निरोप समारंभात मिळालेला. किनार आत गेली, ह्यांनी वर बघितलं आणि हसले. लहान मूल काहीतरी लपवून हसतं तसं. "हलू नका. हात खाली," मी म्हणाले. हात खाली गेला. तोंडही गेलं.

लेकीने तो तीन वेळा लावला. चौथ्यांदा मी तिचा हात धरला.

मला राग आला, खोटं का बोलू? असा राग आला की ते समोर असते तर त्या कॉलरीला धरून जाब विचारला असता. माझ्याशी? माझ्या टेपेशी? ऐन उन्हात दोन दोन स्वेटर घालून उभे राहिलात, घाम पुसत, आणि मी खुळ्यासारखी वहीत चाळीस लिहीत बसले? डॉक्टर टाळायला एवढं केलंत. आणि त्याच वेळी असं वाटलं की त्यांना पोटाशी धरावं. एकट्यानेच भीती अंगावर घालून उभे होते, आणि मी म्हणत होते, हलू नका.

"सप्टेंबरच्या पानावर कुठला लावायचा?" लेकीने विचारलं. फोटोतला हवा तो क्षण थांबवून छापता येतो म्हणे.

"हाच. बोटं कॉलरीत असलेला."

"लोक विचारतील, बाबा हे काय करतायत."

"सांग, आईला चकवतायत."

ती हसली, मग फोन खाली ठेवला. "आई, मी त्या दिवशी हॉस्पिटलात जे बोलले..."

"बोललीस ते बोललीस. मी पण तेच म्हणत होते."

मी वही उघडली. सप्टेंबरचा चाळीस खोडला. त्याच्यापुढे काय लिहायचं ते सुचेना. खरा आकडा मला कधीच कळणार नाही. जागा तशीच मोकळी ठेवली.

लेक उठली, चहा ठेवायला म्हणून. दाराशी उजेडात ती वळली तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच नीट बघितलं असेन. मानेखाली नाही, तोंडाकडे. डोळ्यांखाली काळं झालेलं. गाल बसलेले. दाढा तर तिने काढल्या नव्हत्या.

"इकडे ये," मी म्हटलं आणि गळ्यातली टेप काढली. "उभी राहा."

"काय गं, आता कसलं माप?"

"उभी राहा म्हटलं ना."

ती येऊन समोर उभी राहिली, हात थोडे बाजूला धरून, तिच्या बाबांसारखीच.

"आधी तो स्वेटर काढ," मी म्हणाले.