काकासाहेबांचं रिलिंक्विश

मस्तगडातल्या आमच्या गणेश मंडळाचं अध्यक्षपद सोडायची धमकी काकासाहेब दरवर्षी द्यायचे. लोक मनधरणी करायचे अन् ते थांबायचे. यंदा धमकीला वजन यावं म्हणून त्यांनी इंग्रजी शब्द हुडकला. बैठकीत उभं राहून म्हणाले, "मी अध्यक्षपद रिलिंक्विश करून राह्यलो!"

लोकांना वाटलं, एखादी नवी योजना असेल. जोरात टाळ्या पडल्या.

काकासाहेब गोरेमोरे झाले. "अरे, अर्थ तर विचारा!"

शाळेत इंग्रजी शिकवणारी तृप्ती म्हणाली, "हातातलं सोडून देणं. बहुतेक कायमचंच."

"मंग शब्द बराबर वापरला काकांनी," मंडळातला कल्याण म्हणाला. पुन्हा टाळ्या पडल्या. काकासाहेबांच्या बायकोनं, उषाबाईंनीही वाजवल्या. तृप्ती तिथंच अध्यक्ष झाली.

घरी जाताना काकासाहेब भडकले, "तू कशाला वाजवल्या?"

"मला वाटलं, आता तरी गणपतीत तुम्ही घरी दिसाल."

त्या गणपतीत ते रोज घरी गरम जेवले, अन् जेवता जेवता रोज तृप्तीच्या कारभाराला नावं ठेवत राहिले.