देवाच्या पाण्याची छागळ

मित्रांनो, मी एक जुनी छागळ आहे. छागळ म्हणजे पाण्याची कापडी पिशवी. हे सांगावं लागतं, यातच माझं दुःख आलं. सोनपेठच्या बन्सीधर ताडपत्रीवाल्यांनी मला जाड कॅनव्हासातून शिवलं. जरा जरा पाझरायचं, अंगाला वारा लागू द्यायचा आणि आतलं पाणी गार ठेवायचं, एवढंच माझं काम. बरीच वर्षं मी महादेवीकाकूंच्या शेतात बाभळीला लटकून सगळ्यांना पाणी पाजलं. मग घरात फ्रिज आला आणि मी ज्वारीच्या कणगीमागे गेले.

गेल्या वर्षी काकूंच्या नव्या बोअरला पाणी लागलं. पहिलं पाणी कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला वाहायचं, असा त्यांचा नवस होता. कपिलधारला धबधबा आहे. तरी आम्ही पाणी घेऊन गावच्या दिंडीबरोबर पायी निघालो.

काकूंचा पुतण्या वीरुपाक्ष याने मला खांद्याला अडकवलं. माझा पट्टा दोरीइतका बारीक. खांदा सोलला, म्हणून त्याने मला कमरेला बांधलं. मी पाझरले. त्याची विजार एकाच बाजूने भिजू लागली आणि मागून येणारी माणसं जरा अंतर ठेवून चालू लागली.

दिंडीतल्या कुणालाही तहान लागली की नजर माझ्याकडे वळे, आणि काकू म्हणत, "देवाचं हाय ते." मग लोक माझ्या पाया पडून बाटलीतलं कोमट पाणी पीत. रोज मी अर्धी रिकामी व्हायचे, आणि वीरुपाक्ष काकूंच्या नकळत मला हॉटेलच्या नळावर भरायचा.

घाटाच्या चढावर ऊन तापलं. बाटल्या संपल्या. काकूंना भोवळ आली, त्या रस्त्याकडेलाच बसल्या. वीरुपाक्षाने माझं बूच काढलं. त्यांनी तोंड फिरवलं.

"काकू, आपल्या बोअरचं पाणी कवाच गळून गेलं. हे हाटेलीचं हाय. मीच भरायलोय रोज."

काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की मीही पाझरायची थांबले. मग त्यांनी मला उचललं आणि घटाघटा प्यायल्या.

"लय गार हाय," त्या म्हणाल्या. "आधी सांगाया काय झालं होतं, मुडद्या?"

समाधीला शेवटी धबधब्याचंच पाणी वाहिलं. मला वाटलं, आता मी पुन्हा सगळ्यांना पाणी पाजणार. पण निघताना काकूंनी मला त्याच धबधब्यावर काठोकाठ भरलं. एसटीत शेजारच्या बाईंनी घोटभर मागितलं. काकू म्हणाल्या, "देवाचं हाय ते."

आता मी देवघरात खुंटीला आहे. कोरडी, अंगावर विभूतीची तीन बोटं. मित्रांनो, माझ्यासारखी छागळ दिसली तर तिला रुंद पट्टा लावा. आणि समोर कुणी तहानलेलं असेल, तर आधी त्याला पाजा. पाया नंतर पडा.